वाढतं बोट

पलंग दोन कपाटांच्या मधे अडला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि दुपारी चारला घरात सत्यनारायण होता.

चार माणसांनी तो उचलून धरला होता. शिसवी लाकूड, चौघांच्या मानेच्या शिरा फुगलेल्या. मी दारात उभी राहून "जरा डावीकडं... आता उजवीकडं..." असं जाणकारासारखं सांगत होते. डाव्याउजव्याचा काही उपयोग नाही हे मला पहिल्याच धक्क्याला कळलं होतं. दोन कपाटांमधली जागा होती सहा फूट अर्धा इंच आणि पलंगाची डोक्याकडची बाजू त्याहून चांगली इंचभर रुंद होती. पण माणसं पलंग हलवत होती तोवर मला विचार करायला वेळ मिळत होता, म्हणून मी त्यांना हलवायला लावत होते.

"ठेवा खाली," धोंडीराम सुतार म्हणाले. "त्यो न्हाई जायाचा."

हे नवरीमुलीचे वडील, आणि पलंग त्यांनी स्वतःच्या हातानं केलेला. आदल्या दिवशी लग्न लागलं होतं. आज पहाटे आजऱ्याहून ते टेंपोत पलंगाशेजारी बसून आले होते, पलंगाला घरच्या वाकळा गुंडाळून. मुलीला पलंग आणि गादी बापानं द्यायची, ही त्यांच्याकडची रीत. बाकी काही द्या नका देऊ, पण पलंग परक्याचा नको.

ज्यांच्या घरी तो द्यायचा होता ते पांचाळ कोल्हापुरातले बडे कंत्राटदार. खरं तर तेही सुतारच. नवऱ्यामुलाच्या, उदयच्या, आजोबांनी जन्मभर रंधा मारला होता. पण ती गोष्ट त्या बंगल्यात काढायची नाही, असा अलिखित नियम होता आणि तो शैलजाकाकूंनी, म्हणजे उदयच्या आईनं, घातला होता. काकूंना शोरूममधला सेट हवा होता. पलंग, कपाट, ड्रेसिंग टेबल, सगळं एका रंगाचं, एका घडणीचं. खेड्यातून शिसवी धूड येणार म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण व्याह्यांचा पलंग नाकारायचा तरी कसा?

तिथं मी पुढं झाले. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. पुण्यात इंटिरिअरचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेली, हातात हे तिसरंच काम आणि डोक्यात हवा भरपूर. मी काकूंना म्हटलं, खोलीत एक म्हातारं माणूस आणि चार तरुण असले तर तरुणांनी गप्प बसायचं, म्हणजे म्हाताऱ्याचा मान राहतो आणि तरुणही शहाणे दिसतात. काकूंना हे आवडलं. मग मी पलंगाच्या दोन्ही बाजूंना छतापर्यंत कपाटं काढली, फिक्या दुधी रंगाच्या लॅमिनेटची, कुठं नक्षी नाही, रेघ नाही. वरून दोन्हींना जोडणारा माळा. मधल्या कोनाड्यात तो काळाभोर पलंग. आणि नव्याजुन्याचं सूत जमावं म्हणून कपाटांना जुन्या पद्धतीच्या पितळी कड्या. कागदावर ते इतकं देखणं दिसत होतं की मी तो कागद उशाशी घेऊन झोपत असे.

"बघ हं मृणाल," काकू म्हणाल्या होत्या. "लोक हसले तर तुझ्यावर घालीन."

कपाटं कोल्हापुरात होणार आणि पलंग आजऱ्यात, म्हणून माप फोनवर ठरलं. धोंडीराम सुतारांनी गावातल्या बूथवरून फोन केला. "रुंदीला सहा फूट," ते म्हणाले, "आन् वर वाढतं बोट धरा." वाढतं बोट म्हणजे काय, ते मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं. संसाराच्या पलंगाला पुरं माप द्यायचं नाही. पुरं माप तिरडीला. जित्या माणसाच्या पलंगाला दोन बोटं वाढती ठेवायची, म्हणजे घर वाढतं. मला मोठी गंमत वाटली. "छान आहे हो काका," असं मी म्हणाले आणि वहीत सहा फूट लिहिलं. कुंकवाचं बोट असतं तसलंच हेही काहीतरी असणार, मापाशी त्याचा काय संबंध, असं मी धरून चालले. त्यांनी सांगितलेली दोन बोटं दीड इंचाची होती.

आता माणसांनी पलंग खाली ठेवला. आवाज ऐकून काकू आल्या, अंगावर जरीचं लुगडं, मागं सांगलीच्या दोन बहिणी. "काय झालं गं?" त्यांनी मला विचारलं. व्याह्यांना नाही, मला.

"काकू, पलंग मापात नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. ते आपसूक आलं. पण पुढचं मात्र ठरवून बोलले. "मिस्त्री फोनवर सहा फूट म्हणाले होते. हा दीड इंच जास्त आहे."

त्या क्षणापर्यंत मी त्यांना काका म्हणत होते.

धोंडीराम सुतार माझ्याकडं बघत राहिले. साठीच्या पुढचं वय, अंगात लग्नातलाच नवा सदरा, घडीच्या रेघा तशाच. "बाई, मी वाढतं बोट सांगिटलं हुतं की."

"नाही मिस्त्री. सहा फूट, एवढंच म्हणालात." आवाज अगदी मऊ ठेवला. मऊ आवाजात माणसाला खोटं पाडता येतं, हे मी पुण्यात चांगलं शिकून आले होते.

"जन्मभर सुतारकी केली आणि पोरीच्या पलंगाचं माप चुकतं," काकू बहिणींकडं वळून म्हणाल्या. "काय म्हणायचं मिस्त्री तुम्हाला?" सकाळी टेंपो फाटकात आला तेव्हा त्या त्यांना व्याही म्हणाल्या होत्या. मिस्त्री हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला.

म्हातारा भांडला नाही. तो सरळ कपाटापाशी गेला, वाकला आणि कडेच्या पट्टीवर बोटानं टकटक केलं. मग दुसऱ्या बाजूच्या पट्टीवर. "बाई, ह्या दोन पट्ट्या नुसत्या शोभंच्या हाईत. काढल्या तर दोन्हीकडनं पाऊण पाऊण इंच मोकळं हुतंय. घंट्याचं काम हाय, मीच करून देतो."

अगदी बरोबर होतं ते. त्या पट्ट्या मी केवळ कडा सुबक दिसाव्यात म्हणून लावल्या होत्या. पण पट्ट्या निघाल्या असत्या तर आतली प्लायवूडची उघडी कड दिसली असती, येणारा प्रत्येक पाहुणा तिथं बोट लावून विचारणार, हे असं का, आणि उत्तर फिरून माझ्यापाशी आलं असतं.

"पट्टी काढली तर लॅमिनेट सुटेल," मी म्हणाले. "दारं लोंबतील."

लॅमिनेट सुटत नसतं आणि दारंही लोंबत नसतात. काकूंना ते माहीत नव्हतं. धोंडीराम सुतारांना माहीत होतं. त्यांनी पट्टीवरचं बोट काढून घेतलं. खोलीत माझं म्हणणं खोडायची ऐपत असलेला तो एकच माणूस होता आणि तो मुलीच्या सासरी उभा होता.

म्हणजे आता कापायचा तो पलंगच. डोक्याकडचे दोन खांब बाहेरच्या अंगानं पाऊण पाऊण इंच. त्या खांबांवर त्यांनी भाताच्या लोंब्या कोरल्या होत्या. आजऱ्याचा घनसाळ भात, त्याच्या बारीक लोंब्या, तळापासून टोकापर्यंत वाकून एकमेकींत गुंतलेल्या. पावसाळाभर ते तेवढंच काम करत होते. इतकी नाजूक नक्षी मी त्यानंतरही क्वचितच पाहिली.

"कापा, नाहीतर परत न्या," काकू म्हणाल्या. "मी उद्या शोरूममधनं सेट आणवते. मला काय."

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बापानं दिलेला पलंग सासरच्या दारातून परत जाणं म्हणजे काय, हे तिथं सगळ्यांना कळत होतं. अशा पोरीला त्या घरात पुढं कोण विचारणार? म्हाताऱ्यानं दाराकडं पाहिलं. तिथं रोहिणी, नवी सून, चहाचा ट्रे घेऊन उभी होती. हातभर हिरवा चुडा, कपाळावर मुंडावळ्यांचा वळ अजून तसाच.

"बाळ, तू सांग," ते म्हणाले.

रोहिणीनं ट्रे ड्रेसिंग टेबलावर ठेवला. कप नीट सरळ लावले.

"कापा, आबा," ती म्हणाली.

त्यांनी टेंपोतून हत्यारांची पिशवी आणली. पलंग खोलला, डोक्याकडची बाजू मागच्या अंगणात नेऊन आडवी टाकली. उदय बाहेर आला. "मामा, मशीन देऊ का? आपल्या गोडाऊनवर आहे," असं त्यानं विचारलं. त्यांनी नको म्हटलं. उदयला सुटल्यासारखं झालं असावं, कारण तो लगेच केळीचे खुंट आणायला निघून गेला आणि दोन तास फिरकला नाही.

मी बाजूला उभी होते, हातात टेप. आता मला वाटत होतं की एकदाचं हे उरकावं. त्यांनी खांब पुसला आणि कानामागची पेन्सिल काढून माझ्यापुढं धरली.

"रेघ तुमीच मारा बाई. मी मारली तर आनि कायतरी चुकायचं."

ते खोचक बोलत असतील असं मला वाटलं. मी त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. खोच नव्हती. मी खाली बसले आणि लोंब्यांच्या मधून, वरपासून खालपर्यंत, सरळ रेघ मारून दिली. दोन्ही खांबांवर. रेघ मारताना माझा हात अजिबात कापला नाही, हेही सांगून टाकते.

करवतीला तीन तास लागले. काकूंच्या बहिणी मधून मधून येऊन बघून जायच्या. एक म्हणाली, "हात चालतोय की अजून म्हाताऱ्याचा." दुसरी म्हणाली की चालतोय खरा, पण डोकं चालायला हवं ना. त्यांच्यापासून म्हातारा चार हातांवर होता. मोलकरणीनं खाली पडलेल्या चिपा केरसुणीनं गोळा केल्या आणि कुठं टाकू म्हणून विचारलं. काही चिपांवर अख्खी लोंबी होती. "बंबात घाल," काकू आतून म्हणाल्या. "शिसवी आहे, चांगली पेटेल."

दीडच्या सुमाराला पलंग कोनाड्यात बसला. कापलेल्या कडांना मी पॉलिश फासलं होतं. खरं सांगायचं तर खोली अप्रतिम दिसत होती. दुधी पांढऱ्यात तो गडद शिसवी रंग, दोन्हीकडं पितळेचे ठिपके. नव्याजुन्याचं असं जमलेलं काम मी पुढं तीस वर्षांत फार थोड्या वेळा केलं. काकूसुद्धा दारात थांबल्या. "बरं दिसतंय की," त्या म्हणाल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला फार आनंद झाला. तो लपवायचं आता काही कारण नाही.

चादर घालायला रोहिणी आणि मी दोघीच खोलीत उरलो. चादरीचं एक टोक तिच्याकडं, एक माझ्याकडं. कोपरा गादीखाली खोचता खोचता ती म्हणाली, "फोन मीच लावून दिला होता आबांना. बूथमधे मी शेजारी उभी होते."

मी माझ्याकडचा कोपरा गादीखाली खोचला.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तुम्ही खोट्या ठरला असता तर कपाट कापावं लागलं असतं. मग पहिल्याच दिवशी सासूबाईंचं कपाट माझ्या बापामुळं कापलं, असं झालं असतं." तिनं चादर ताणून सारखी केली. "तुम्ही संध्याकाळी घरी जाल. मला इथं राहायचंय."

मग ती म्हणाली की आबांना ती नंतर सांगेल, सवडीनं, माहेरी गेल्यावर. ते ऐकून मला इतकं हलकं वाटलं की मी तिला उशांचे अभ्रे कुठले घालायचे ते सांगू लागले. ती सांगणार होती, म्हणजे माझ्यावरचं काम उतरलं होतं.

चारला पूजा झाली. पाहुणे प्रसादाचे द्रोण हातात घेऊनच खोली बघायला येत होते आणि काकू त्यांना दारात उभं करून सांगत होत्या, "पलंगाचं माप चुकलं होतं हो आमच्या व्याह्यांचं. आमच्या मृणालनं सावरलं." मिस्त्रीचे ते पाहुण्यांपुढं पुन्हा व्याही झाले होते. धोंडीराम सुतार हॉलमधे भिंतीकडेला बसले होते. पहिल्या वेळी ते खाली बघत राहिले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "व्हय, चुकलं." पाहुण्यांची चौथी टोळी आली तेव्हा काकूंनी तोंड उघडायच्या आधी ते स्वतःच म्हणाले, "माझंच चुकलं बगा, वय झालं," आणि सगळे हसले. तेही हसले. मी पण हसले.

सहाच्या आत ते निघाले. टेंपोवाला वाकळा गोळा करत होता. मी माझी पर्स घेऊन फाटकाशी आले तेव्हा ते तिथं एकटेच उभे होते. बहुतेक माझीच वाट बघत होते. रागावतील, असं मला वाटलं, आणि मी आतून तयार झाले. रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्याहून मोठ्यानं रागावले असते.

"बाई, येक इचारायचं हुतं," ते म्हणाले. आवाज इतका खाली होता की मला पुढं वाकावं लागलं. "आता हितं कोन न्हाई. ईनबाई न्हाईत, पावनं न्हाईत. तुमी काय सांगाल ते मी कुनाला बोलनार न्हाई. मी खरंच वाढतं बोट सांगिटलं न्हवतं?"

मी पर्सची चेन लावली.

"थोरल्या भावाचं माझ्या असंच झालं," ते म्हणाले. "आदी मापं इसरला. मग हत्यारांची नावं. शेवटाला आपलं घर कुठलं ते कळंना. तीन वरसं दावनीला बांदल्यागत ठेवला त्येला घरात. म्हनून इचारतो. मला आपलं सारकं वाटतंय, मी सांगिटलं हुतं. तुमी हसला बी हुता, असं वाटतंय. सपान पडल्यागत वाटतंय."

"रोहिणीला विचारलंत?" मी म्हणाले.

"आत्ताच इचारलं. ती फोनापशीच हुती न्हवं. ती म्हनती, आबा, तुमी सहाच म्हनाला."

मागं वळून मी वर पाहिलं. गॅलरीत कुणी नव्हतं. सवडीनं सांगणार होती ती, तिला विचारलं तेव्हा तिनं हे सांगितलं. उरले मी. आजूबाजूला खरोखरच कुणी नव्हतं. टेंपोवाला पलीकडं होता, काकू आत पाहुण्यांत. काम पुरं झालं होतं, खोली सगळ्यांनी वाखाणली होती. हो काका, सांगितलं होतंत, माझं चुकलं, एवढं म्हणायला त्या घडीला माझं काहीही जात नव्हतं. इतकं फुकट खरं बोलायची संधी माणसाला आयुष्यात फारशी मिळत नाही.

"सहाच म्हणाला होतात, काका," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. "दोघी म्हनताय म्हंजे तसंच आसंल," ते म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांनी हत्यार धरलं नाही, ते मला दोन वर्षांनी कळलं. हत्यारांची पिशवी भाच्याला देऊन टाकली, आणि आपण काय विसरतोय ते बघत ते दिवसभर सोप्यात बसून असत. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख होतं, असं रोहिणीच मला म्हणाली. तिनं त्यांना सांगितलं का, ते मी विचारलं नाही, आणि तिनंही मला विचारलं नाही.

पण हे पुढचं. त्या संध्याकाळी फाटकाशी त्यांनी दोन्ही हात जोडले, मला, त्यांच्या लेकीच्या वयाच्या मुलीला. "तुमाला उगंच तरास झाला माझ्यापायी," ते म्हणाले. "दिसभर उभं ऱ्हायलासा. राग धरू नगा."

"असू दे, काका," मी म्हणाले. "या वयात होतं असं."

आणि मी त्यांना माफ केलं.